केशरी दगडफूल

पावसाळा संपून आकाश निवळलें म्हणजे कामठीच्या छावणी भागांतील जुन्या आवारभिंती, नाल्यांवरील मोऱ्यांचे कठडे आणि कन्हानच्या कांठचे खडक यांकडे जरा थांबून पाहावें. त्यांवर कोठें राखी, कोठें काळसर, कोठें हळदीसारखे पिवळे आणि कोठें चांगले भगवे ठिपके पसरलेले असतात. येणाराजाणारा बहुधा त्यांकडे पाहत नाहीं. पाहिलेंच तर "कोणीं शेंदूर फांसला असेल" किंवा "दगडाला गंज चढला" असें म्हणून पुढें चालूं लागतो. या लेखांत आम्ही त्या भगव्या ठिपक्याची वाचकांस ओळख करून देणार आहों. ही ओळख वाटते तितकी सोपी नाहीं. भगवा रंग मोठा फसवा आहे, आणि आमच्या या भागांत त्याचीं सोंगें घेणारे पुष्कळ आहेत.

पहिलें सोंग शेंदराचें. शेंदूर तेलांत कालवून लावलेला असतो, त्यामुळें त्याचा थर सलग व तुळतुळीत दिसतो, बोटाला लागतो, आणि त्याखालीं दगडाचे कंगोरे बुजून जातात. तो ओळखणें कोणालाहि जमेल. दुसरें सोंग लोखंडाचें. तें मात्र कामठीकरांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आमच्या आसपास जो वाळूचा दगड सांपडतो, त्यांत लोहाचा अंश पुष्कळ असल्यामुळें तो ठिकठिकाणीं तांबूस, पिवळा आणि नारिंगी दिसतो. या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञांनीं आमच्या गांवावरूनच 'कामठी' हें नांव दिलें आहे, आणि हिंदुस्थानच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांतून तें आजहि वाचावयास मिळतें. हा खडक सुमारें २५ कोटि वर्षांपूर्वींचा असून त्यांत त्या काळच्या वनस्पतींच्या पानांचे ठसे सांपडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांनीं असे ठसे मोठ्या चिकाटीनें गोळा केले, आणि रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्यासह नागपूरच्या परिसरांतील खडकांवर लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ मध्यें लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. असो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, लोहाचा रंग दगडाच्या अंगांत मुरलेला असतो. दगड फोडला तरी तो आंत दिसतो, आणि त्याला कांठ असा नसतो. एका बाजूनें तो फिका होत होत नाहींसा होतो.

तिसरें सोंग सर्वांत अवघड. पावसाळ्यांत ओलसर भिंतींवर आणि झाडांच्या सावलीकडील सालीवर विटकरी-नारिंगी रंगाची मखमल पसरलेली दिसते. तिला हात लावला तर ती मऊ लागते व बोटाला तिची पूड येते. ही ट्रेंटेपोह्लिया नांवाची वनस्पति होय. ही खरें पाहतां हिरव्या शेवाळांच्या वर्गांतील. परंतु गाजराला रंग देणारें जें द्रव्य, तेंच हिच्या अंगांत इतकें सांठतें कीं हिरवा रंग त्याखालीं झांकून जातो. २००१ साली केरळांत तांबडा पाऊस पडून मोठी खळबळ उडाली होती. त्या पावसाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं त्याचा रंग याच जातीच्या शेवाळाच्या सूक्ष्म बीजकणांचा असल्याचें सांगितलें. कोंकणांत आणि घाटमाथ्यावर ही मखमल जितकी दिसते, तितकी आमच्या कोरड्या विदर्भांत दिसत नाहीं. तरी पावसाळ्यांत ती फसविते हें खरें.

आतां मूळ वस्तूकडे वळूं. खरें केशरी दगडफूल ऊन लागणाऱ्या जागीं शोधावें. साधें भिंग घेऊन पाहिलें तर चार गोष्टी लागलीच नजरेंत भरतात. एक तर त्याला स्पष्ट कांठ असतो, आणि तो ठिपका बहुधा वाटोळा किंवा वाटोळ्या ठिपक्यांच्या मिळणीनें बनलेला असतो. कांठाकडे कित्येक जातींत लहान लहान पाकळ्यांसारखे फांटे बाहेरच्या दिशेला पसरलेले असतात, तर मधला भाग उन्हानें तडकलेल्या तळ्याच्या चिखलासारखा भेगाळलेला असतो. त्या मधल्या भागांत टांचणीच्या डोक्याएवढ्या, किंवा त्याहूनहि बारीक, गडद नारिंगी वाटोळ्या चकत्या बसविल्यासारख्या दिसतात. ह्या त्याच्या बीजकणांच्या वाट्या होत. शेवटचें असें कीं तें दगडाला इतकें घट्ट चिकटलेलें असतें कीं नखानें सहसा निघत नाहीं. दगडाची कपची काढावी तेव्हां तें निघतें.

एवढें पाहूनहि शंका उरलीच, तर शाळेच्या प्रयोगशाळेंत तिचा निकाल लावतां येतो. हळदीला चुना लागला म्हणजे ती लाल होते, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. केशरी दगडफुलाची परीक्षा याच जातीची आहे. त्याचा तिळाएवढा तुकडा पांढऱ्या बशींत ठेवून त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या पाण्याचा (शंभर भाग पाण्यांत दहा भाग) एक थेंब काडीनें सोडावा. नारिंगी रंग पाहतां पाहतां जांभळट-तांबडा झाला, तर दगडफुलाची ओळख पटली. शेंदूर, लोहाचा डाग आणि ट्रेंटेपोह्लियाची मखमल यांपैकीं कोणीहि असा रंग पालटीत नाहीं. अगदीं जवळचा दिसणारा कँडेलारिया नांवाचा पिवळा भाऊबंद सुद्धां या थेंबानें जांभळा होत नाहीं, कारण त्याचें रंगद्रव्य निराळें. मात्र कॉस्टिक पोटॅश हें कातडी व डोळे यांना भाजणारें द्रव्य आहे; शिक्षक शेजारीं उभे असल्यावांचून ही परीक्षा कोणीहि करूं नये, आणि घरीं तर मुळींच करूं नये.

हा रंग पालटणाऱ्या द्रव्याचें नांव पॅरिएटिन. यालाच फिस्किऑन असेंहि दुसरें नांव आहे, आणि मौजेची गोष्ट अशी कीं पावसाळ्यांत आमच्या रानांतून जो तरोटा माजतो (देशावर व कोंकणांत त्याला टाकळा म्हणतात), त्याच्या बियांतहि हें द्रव्य असतें. कोठें दगडावरचा ठिपका आणि कोठें भाजीचा तरोटा! परंतु निसर्गाच्या घरीं एकच रंगपेटी अनेकांच्या हातीं दिलेली असते, त्यांतलाच हा प्रकार. असे रासायनिक थेंब टाकून दगडफुलांच्या जाती निवडण्याची युक्ति १८६६ मध्यें विल्यम निलांडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञानें सुचविली. या निलांडरशीं आमची पुन्हां गांठ पडणार आहे.

दगडफूल म्हणजे आहे तरी काय? बाहेरून पाहणाऱ्यास ती एक वनस्पति वाटते, आणि शेंकडों वर्षें विद्वानांनाहि तसेंच वाटत होतें. १८६७ साली स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यानें असें मांडलें कीं ही एक वस्तु नसून दोघांचा संसार आहे: एक बुरशी आणि तिच्या जाळ्यांत राहणारें एक शेवाळ. त्या काळच्या दगडफुलांच्या अभ्यासकांना ही कल्पना इतकी विचित्र वाटली कीं त्यांनीं तिची टर उडविली. वर सांगितलेला निलांडर तर अखेरपर्यंत तिचा विरोधक राहिला. दोघेहि मोठे विद्वान, दोघांच्याहि हातीं तेंच सूक्ष्मदर्शक यंत्र. परंतु एकाला त्यांत दोन जीव दिसले आणि दुसऱ्याला दिसले नाहींत. पुढें पुराव्याचें पारडें श्वेंडेनरच्या बाजूनें झुकलें, आणि १८७९ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यानें निरनिराळ्या जीवांच्या अशा एकत्र राहण्याला 'सहजीवन' या अर्थाचा जो शब्द रूढ केला, तो आज शाळेच्या पुस्तकांत आला आहे.

या संसारांत बुरशीचा थर वरून झांकण घालतो, खालून दगडाला पकडून धरतो आणि ओल सांठवितो. तिला स्वतःला अन्न तयार करतां येत नाहीं. शेवाळ आंत सुरक्षित राहून सूर्यप्रकाशाच्या साह्यानें साखरेसारखें अन्न बनवितें आणि त्याचा मोठा हिस्सा बुरशीला देतें. श्वेंडेनरनें यांत धनी आणि गुलाम असें नातें पाहिलें. पुष्कळांना तें मैत्रीचें वाटतें. आमच्या मतें माणसांच्या नात्यांचीं नांवें येथें लावण्याची घाई न केलेली बरी, कारण हिशेब अजून पुरा झालेला नाहीं. २०१६ मध्यें टोबी स्प्रिबिल व त्यांचे सहकारी यांनीं कित्येक दगडफुलांच्या वरच्या सालींत आंबवणाऱ्या यीस्टच्या तऱ्हेची आणखी एक बुरशी दाखवून दिली. म्हणजे ज्या घरांत दोघेच राहतात असें जवळजवळ दीडशें वर्षें समजत होते, तेथें कित्येक ठिकाणीं तिसरें माणूस निघालें.

या घराची एक अडचण विद्यार्थ्यांनीं विचार करण्यासारखी आहे. वाटींतून वाऱ्यावर उडणारा बीजकण केवळ बुरशीचा असतो. त्याच्याबरोबर शेवाळ जात नाहीं. नव्या जागीं पडल्यावर त्याला योग्य शेवाळाची गांठ पडली तरच संसार मांडतां येतो, नाहीं तर तो मरतो. हे बीजकण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले तर या केशरी कुळाची आणखी एक खूण सांपडते. कणाच्या दोन टोकांना दोन खोल्या आणि मध्यें त्यांना जोडणारी अरुंद नळी, अशी त्याची घडण बहुतेक जातींत असते. आम्हांला तो पाहून डमरूची आठवण झाली.

केशरी रंगाचा उपयोग काय, असा प्रश्न सहजच येतो. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उघडा दगड तर हवेहून किती तरी अधिक तापतो. आंतल्या शेवाळाला प्रकाश हवा, पण तो बेताचा. पॅरिएटिनचे कण वरच्या सालींत पसरलेले असतात, आणि ते सूर्याच्या प्रकाशांतील निळे व अतिनील किरण शोषून घेतात. म्हणजे तो शेवाळावर धरलेला पडदाच होय. यामुळेंच एकाच जातीचें दगडफूल भर उन्हांत गडद नारिंगी आणि सावलींत फिकट पिवळें किंवा हिरवट राखी दिसतें. रंगावरून जात ठरवूं पाहणारा येथें हटकून फसतो. उन्हाळ्यांत तें पुरतें वाळतें, त्याचा श्वास जवळजवळ थांबतो, आणि अशा निद्रित स्थितींत तें भयंकर उष्णता सोसतें. तीच उष्णता भिजलेल्या स्थितींत मात्र त्याला मारक ठरते. लडाखसारख्या उंच आणि थंड प्रदेशांतील खडकांवर याच कुळांतील झँथोरिया एलेगन्स नांवाचें दगडफूल आढळतें. २००५ साली या जातीचे तुकडे एका उपग्रहांतून अंतराळांत नेऊन सुमारें दोन आठवडे उघड्यावर ठेवले होते. परत आणून पाणी दिल्यावर तीं पुन्हां जगूं लागलीं.

येथें नांवांसंबंधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इंग्रजी पुस्तकांत केशरी दगडफूल म्हणून ज्याचें चित्र असतें, तें बहुधा झँथोरिया पॅरिएटिना होय. लिनीअसनें १७५३ मध्यें त्याचें वर्णन केलें, आणि त्याच्या नांवांतच 'भिंतीवरचें' असा अर्थ आहे. तें युरोपांत घरोघर दिसतें. आमच्या मैदानी प्रदेशांतील भगवे ठिपके बहुतेक कॅलोप्लाका या त्याच्या आप्तांचे असतात. तें पानासारखें सुटें नसून दगडाला खपलीसारखें चिकटलेलें असतें, आणि त्यांतील अनेक जातींना चुन्याचा दगड, चुनेगच्ची व सिमेंट फार मानवतें. २०१३ मध्यें तर या मोठ्या घराण्याची वाटणी होऊन कित्येक जातींना नवीं आडनांवें मिळालीं. म्हणून परदेशी चित्र समोर धरून आमच्या भिंतीवरील ठिपक्याला नांव देऊं नये. हिंदुस्थानांत दगडफुलांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. हें काम लखनौस डॉ. डी. डी. अवस्थी (१९२२–२०११) यांनीं उभें केलें. आमच्या महाराष्ट्रांत १९४६ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत (आतांची आघारकर संशोधन संस्था) प्रा. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. ऊर्मिला मखीजा यांनीं तें पुष्कळ पुढें नेलें. मराठींत शास्त्रीय ग्रंथांतून दगडफुलाला 'शैवाक' म्हणतात; आयुर्वेदांत त्याचें नांव शैलेय. आम्ही येथें घरगुती शब्दच पसंत केला आहे, कारण गोडा मसाला असो वा आमचा सावजी मसाला असो, तो भाजतांना जें काळसर, चुरगळलेलें, सुगंधी दगडफूल पडतें, तें याच जातकुळीचें आहे. केशरी दगडफूल मात्र मसाल्याचें नव्हे, हें घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. आणि रसायनशास्त्राच्या तासाला विद्यार्थी ज्या लिटमसच्या कागदानें आम्ल ओळखतात, तो मूळचा रंगहि समुद्रकिनाऱ्यावरील एका दगडफुलापासूनच काढीत.

आतां पालकमंडळींशीं थोडें बोलूं. नागपूर-काटोलकडे ज्यांच्या संत्र्यांच्या बागा आहेत, त्यांना झाडांच्या खोडावर राखी आणि क्वचित् पिवळ्या चकत्या दिसतात, आणि हा कांहीं रोग आहे अशी भीति वाटते. मग कोणी खोड खरवडतो, कोणी भलतें औषध मारतो. दगडफूल झाडाचा रस पीत नाहीं. तें सालीच्या बाहेरच बसतें, आणि पाऊस, दंव व धूळ यांवर त्याचा निर्वाह चालतो. झाडाची वाढ मंदावून पानोळा विरळ झाला म्हणजे खोडावर ऊन अधिक येतें, आणि तेथें दगडफूल फोफावतें. तेव्हां तें दुखण्याचें कारण नसून फार तर दुखण्याचा साक्षीदार असतें. संत्र्याचा खरा शत्रु डिंक्या. बुंध्याजवळून डिंक वाहूं लागला, साल कुजून सुटूं लागली, तर त्वरा करावी. त्यासाठीं मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मलम खोडाला लावतात. खोड खरवडल्यानें मात्र सालीला जखमा होतात, आणि रोगाला शिरावयास नवी वाट मिळते. चकत्यांच्या भीतीनें केलेला उपाय कधीं कधीं असा उलटतो.

दुसरी समजूत याच्या उलट आहे, व तीहि तितकीच चुकीची. दगडफूल दिसलें कीं हवा शुद्ध, असें पुष्कळजण ऐकून सांगतात. याचें मूळ निलांडरकडे जातें. १८६६ मध्यें पॅरिस येथील लक्झेंबर्ग बागेंत जितक्या जाती सांपडत, तितक्या शहराच्या इतर भागांत सांपडत नाहींत हें त्यानें दाखविलें, आणि दगडफुलें हें हवेच्या आरोग्याचें माप आहे असें म्हटलें. तें खरेंच आहे. दगडफुलाला मुळें नाहींत, पानांवर असतें तसें मेणाचें आवरणहि नाहीं. हवेंत जें असेल तें पावसाबरोबर सगळ्या अंगानें शोषलें जातें. दगडी कोळशाच्या धुरांतील गंधकाचा वायु अनेक जातींना मारतो. परंतु सर्वांचा सोशिकपणा सारखा नसतो. केशरी कुळांतील कित्येक जाती धूळ आणि नत्रयुक्त वायु चांगल्या सोसतात. इतकेंच नव्हे, तर गोठ्यांच्या आसपास आणि पक्षी बसतात त्या दगडांच्या माथ्यावर त्या अधिक जोमानें वाढतात. तेव्हां ज्या ठिकाणीं नाजूक जाती नाहींशा होऊन नुसता भगवाच उरला असेल, तेथें हवेबद्दल समाधान मानण्यापेक्षां चौकशी केलेली बरी. आमच्याच तालुक्यांत कोराडी येथें १९७४ पासून कोळशावर वीज तयार होत आली आहे. कामठींतील मुलांनीं एखाद्या सुटींत आपल्या वाड्यांतील, शेतांतील आणि रस्त्याकडेच्या आंब्यांवर व भिंतींवर दगडफुलांचे किती प्रकार आहेत हें मोजून पाहिलें, तर त्यांतून कांहीं तरी खरें हातीं लागेल. एकटा भगवा ठिपका पाहून हवेसंबंधीं कांहींहि ठरवूं नये.

राहतां राहिले जुने दगड. कामठीची छावणी १८२१ मध्यें वसली, त्यामुळें येथें जुनीं बांधकामें आणि सन कोरलेलीं थडगीं आहेत. स्वच्छतेच्या उत्साहांत असे दगड तारेच्या कुंचल्यानें घासण्याचा किंवा त्यांवर आम्ल ओतण्याचा मोह होतो. दगडफूल दगडाला अपाय करतें कीं पावसापासून त्याचें थोडें रक्षणहि करतें, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाहीं. त्याचे तंतु दगडाच्या पृष्ठांत शिरतात हें खरें. परंतु आम्ल ओतल्यानें संगमरवर आणि चुना विरघळतात, आणि कोरीव अक्षरें झिजतात, याविषयीं मात्र कोणालाहि संशय नाहीं. शिवाय सन कोरलेल्या दगडावरचें दगडफूल एक हिशेबहि सांगतें. दगड मध्यंतरीं घासला गेला नसेल, तर त्यावरील सर्वांत मोठा ठिपका त्या सनाहून जुना असूं शकत नाहीं. अशा सनवार ठिपक्यांवरून वाढीचा वेग काढून, सन नसलेल्या खडकांचें वय अजमावण्याची रीत ऑस्ट्रियाचा रोलांड बेशेल यानें १९५० च्या सुमारास बसविली.

ज्यांना ही वाढ स्वतः पाहावयाची असेल, त्यांनीं दगडाला धक्का न लावतां एक वाटोळा, एकटा ठिपका निवडावा. त्यावर पारदर्शक कागद धरून त्याचा कांठ उतरून घ्यावा, दगडावरील एखाद्या भेगेची किंवा कोपऱ्याची खूणहि त्याच कागदावर करावी, म्हणजे पुढें तो जागच्या जागीं बसवितां येईल. कागदावर स्थळ, दिशा, ऊन किती वेळ येतें तें, आणि तारीख लिहावी. पुढील वर्षीं त्याच महिन्यांत तोच कागद तेथें पुन्हां ठेवून पाहावा. खपलीसारख्या जातींची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदां त्याहूनहि कमी असते. म्हणजे जुना कांठ आणि नवा कांठ यांतील अंतर बोथट पेन्सिलीच्या एका रेघेइतकेंच भरण्याचा संभव आहे. म्हणून पहिली रेघ काढतांना पेन्सिलीला चांगलें बारीक टोंक करून घ्यावें.